बावखल आणि मिस्सा

माझा मुलगा रविवारी सकाळी मिस्साला येत नाही. त्या वेळी तो आणि त्याचे मित्र वसईतल्या कुठल्या तरी वाडीत कमरेएवढ्या चिखलात उभे राहून बावखल साफ करत असतात. माझी थोरली बहीण निवृत्त शिक्षिका आहे. ती रोज पहाटेच्या मिस्साला जाते, आणि रविवार चुकवणारा माणूस देवाला हळूहळू विसरतो असं तिचं ठाम मत आहे. उपवासकाळातल्या एका संध्याकाळी या दोघांचं जे बोलणं झालं ते मी इथे मांडतो आहे. मी त्यात फारसा पडलो नाही. दोघंही माझी आहेत आणि दोघांच्याही श्रद्धेची मला काळजी आहे, म्हणून ऐकत राहिलो.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं गोड्या पाण्याचं मोठं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्यात बावखलांचा मोठा वाटा आहे. पूर्वी त्यांवर रहाट चालत. पुढे पंप आले, वाड्या विकल्या जाऊ लागल्या, आणि कितीतरी बावखलं भराव टाकून बुजवली गेली. जी उरली आहेत ती ही मुलं उपसतात.

सुरुवात मुलानेच केली.

“आत्या, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं. पृथ्वी हे आपल्या सगळ्यांचं घर आहे, ते सांभाळणं हा श्रद्धेचाच भाग आहे, असं त्यात स्पष्ट आहे. मी रविवारी तेच करतोय. मग तुला अडचण काय आहे?”

“त्या कामाची मला कसली अडचण? नाक्यावरच्या वाडीत तुम्ही उतरला होतात तेव्हा डबे घेऊन कोण आलं होतं? पण ते परिपत्रक तू शेवटपर्यंत वाचलंस का?”

“बरंचसं.”

“शेवटचं प्रकरण वाच. त्यात पोप ख्रिस्तशरीराबद्दल बोलतात आणि रविवारबद्दलही बोलतात. मातीतून आलेली भाकर आणि द्राक्षारस वेदीवर जातात आणि त्यांतूनच देव आपल्यापाशी येतो, हे तिथे आहे. माणसाला आणि जमिनीला दोघांनाही विसाव्याचा दिवस लागतो, हेही आहे. मिस्सा चुकवायला तू त्याच परिपत्रकाचा आधार घेतोस, हे मला पटत नाही. आणि प्रश्न वेळेचाच असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा असते. ती रविवारचीच धरतात. हे मी तुला किती वेळा सांगितलं?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “प्रश्न वेळेचा नाही.”

“मग?”

“मला तिथे काहीच होत नाही, आत्या. लहानपणी व्हायचं. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला अंगावर काटा यायचा. आता उभं राहायचं, बसायचं, गुडघे टेकायचे. उत्तरं तोंडातून आपोआप निघतात आणि डोक्यात सोमवारचं ऑफिस असतं. असं देवापुढे जाणं मला खोटं वाटतं. चिखलात उतरलो की निदान खोटं तरी वाटत नाही.”

हे बोलायला धैर्य लागतं. आमच्या धर्मग्रामांत मिस्सा चालू असताना बाहेर झाडाखाली उभे राहून गप्पा मारणारे पुरुष मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. त्यांना आत काही होतं की नाही हे कुणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. आपल्याला काही जाणवत नाही म्हणून ज्याला वाईट वाटतं, तो त्यांच्यापेक्षा वेदीच्या कितीतरी जवळ आहे असं मला वाटतं. बहिणीलाही ते कळलं असावं, कारण तिचा आवाज बदलला.

“मला रोज काही होतं असं तुला वाटतं का?” तिने विचारलं.

“होत नाही?”

“हे गेले त्या वर्षी मी रोझरी हातात घ्यायची आणि नुसते मणी मोजायची. देव ऐकतोय असं एकदाही वाटलं नाही. रागही नव्हता, काहीच नव्हतं. पण बोटांना सवय होती. बोटं पुढे सरकत राहिली आणि मी त्यांच्या मागे.”

“मग कशासाठी म्हणत राहिलीस?”

“मी एकटी म्हणत नव्हते ना! संध्याकाळी सातला आळीतल्या बायका येऊन बसायच्या. माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही तेव्हा अर्धी प्रार्थना त्या म्हणायच्या आणि माझी अर्धीही त्याच म्हणायच्या. प्रार्थना आतून उमलून आली तरच खरी, असं तुला वाटतं. त्या वर्षी माझी प्रार्थना शेजारणींनी केली. ती खोटी होती का?”

मुलाकडे उत्तर नव्हतं. ती पुढे म्हणाली, “मराठ्यांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्री गेले, थोडे देशी धर्मगुरू मागे राहिले. ज्या सत्तेबरोबर हा धर्म इथे आला ती सत्ता गेली, तरी आपली माणसं ख्रिस्ती राहिली. कशाच्या बळावर? त्यांच्याकडे शिबिरं नव्हती, पुस्तकं नव्हती. घरात दिवेलागणीला प्रार्थना होती, वाटेवर क्रूस होता. रोज काही होतंय का हे बघत बसले असते तर तू आणि मी आज हे बोलत नसतो.”

“मदर तेरेसांची पत्रं वाचली आहेस?” मुलाने अचानक विचारलं.

“माहीत आहे त्यांच्याबद्दल. ती २००७ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा किती लोक हादरले होते. देव जवळ असल्याचं त्यांना जवळजवळ पन्नास वर्षं जाणवत नव्हतं, आणि तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या. तेच तर मी तुला सांगतेय.”

“पण प्रार्थना झाल्यावर त्या उठून रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसाकडे जात होत्या, आत्या. म्हणून त्या अंधाराला अर्थ आहे. मिस्सा करून घरी येऊन पेपर वाचत बसणाऱ्याचा कोरडेपणा मी त्या रांगेत बसवणार नाही. ती नुसती झोप आहे.”

इथे मला माझं मत नोंदवावंसं वाटतं. कोरडी प्रार्थना खोटी असते हे मुलाचं म्हणणं मला मान्य नाही. आजारी आईजवळ रात्रभर बसलेल्या मुलाला पहाटे तिच्याविषयी माया दाटून येत नाही, त्याला झोप येत असते. तरी तो उठून जात नाही, आणि त्याच्या त्या बसण्याला कुणी खोटं म्हणत नाही. पण झोप वेगळी आणि कोरडेपणा वेगळा, हे त्याने नेमकं ओळखलं. आमच्या समाजात या झोपेचं एक कारण उघड आहे. धर्मशिक्षण दृढीकरणाच्या संस्कारापर्यंत चालतं आणि बहुतेकांसाठी तिथेच संपतं. पुढे मुलगा इंजिनिअर होतो, मुलगी सीए होते. ऑफिसात खोटी सही करायची का, म्हाताऱ्या आईवडिलांना कुणी सांभाळायचं, तरण्या बहिणीला कॅन्सर का झाला, असले मोठ्या माणसाचे प्रश्न समोर येतात आणि हातात मात्र शाळकरी वयातली उत्तरं असतात. अशा माणसाला मिस्सात झोप न येईल तर काय होईल?

आणि आपली परंपरा तर प्रश्न विचारणारी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली छापून झालं. त्याच्या सुमारे ११ हजार ओव्या आहेत. त्यात नवख्रिस्ती माणूस शंका विचारतो आणि पाद्री-गुरू कथा सांगत सांगत उत्तर देतात, अशी बरीचशी मांडणी आहे. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याचा पहिला मोठा ग्रंथ संवादातूनच उभा राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि वेदीवरची भाषा लोकांची होऊ लागली. माझ्या आजीच्या पिढीने आयुष्यभर लॅटिन मिस्सा ऐकली. ती चालू असताना आपापली जपमाळ ओढणारी माणसं असत, कारण वेदीवर काय म्हणतात ते कळायला मार्गच नव्हता. आज सगळं मराठीत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे, त्याला २०१३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या किती घरांत ते उघडलं जातं, हा मात्र मला छळणारा प्रश्न आहे.

बहिणीच्याही मनात असंच काही आलं असावं. ती मुलाला म्हणाली, “शनिवारी रात्री रविवारचं शुभवर्तमान वाचून ठेवत जा. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, असं फिरतं. तीन वर्षांत बहुतेक सगळा येशू डोळ्यांखालून जातो.”

“रोजची वाचनं मोबाइलवर येतात माझ्या. सकाळच्या गाडीत वाचतो.”

तिने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. “आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी परतताना एक्झॅमेन करतो. इग्नेशियस लोयोलांची पद्धत. एका शिबिरात शिकलो. भाईंदर सुटलं की नायगावपर्यंत खाडी लागते ना, तेवढ्यात. आधी दिवसातल्या चांगल्यासाठी आभार, मग दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आणायचा, कुठे देवाबरोबर होतो, कुठे त्याला सोडून गेलो ते बघायचं, क्षमा मागायची, उद्यासाठी मदत मागायची. विरार लोकलमध्ये एका पायावर उभं राहूनही जमतं.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस कधी? तू एकच विचारतेस, मिस्साला गेलास का.”

हा घाव बरोबर जागी बसला. पोरं चर्चला गेली की नाहीत एवढीच मोजदाद आम्ही मोठी माणसं करतो. ती प्रार्थना करतात का, कशी करतात, कुठे अडतात, हे विचारायला संकोचतो. एका घरात राहूनही एकमेकांची प्रार्थना आम्हाला ठाऊक नसते.

“मग सापडतं काय त्या खाडीवर?” बहिणीने विचारलं. तिच्या विचारण्यात आता खरी उत्सुकता होती.

“मागे एकदा कामाचे तास फुगवून लिहायला सांगितलं होतं, म्हणजे गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेता येतात. मी लिहिले. सगळेच लिहितात. पुलावर आलो तेव्हा ते समोर उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन आकडे दुरुस्त केले. साहेब बरेच दिवस धड बोलत नव्हते.”

“शाब्बास. आपले संत गोन्सालो गार्सिया आधी व्यापारीच होते. हिशेबाच्या वह्या त्यांनाही होत्या.” नागासाकीला १५९७ साली क्रुसावर मारले गेलेले गोन्सालो वसईचे. फ्रान्सिस्कन बंधू होण्याआधी त्यांनी पूर्वेकडे व्यापार केला होता. ऑफिसमधलं काहीही श्रद्धेच्या बाहेरचं नसतं हे सांगताना माझी बहीण त्यांचं नाव नेहमी घेते. “पण हे कन्फेशनमध्ये सांगितलंस का?”

“दुरुस्त केलं ना? मग आणखी कशाला?”

“वही दुरुस्त झाली. तू घाबरून लिहिलं होतंस, त्या भीतीचं काय? स्वतःची चूक आपण स्वतः पकडतो, स्वतःच शिक्षा ठरवतो, स्वतःच माफ करतो. त्यातून माणूस एक तर स्वतःला फार झटकन सोडतो, नाही तर कधीच सोडत नाही. तुला क्षमा झाली हे दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडावं लागतं. मी माझी मला सांगू शकत नाही.”

तो विचारात पडलेला दिसला. मग त्याने जे विचारलं त्याची मला धास्ती होतीच.

“आत्या, तू शेवटची कन्फेशनला गेलीस तेव्हा शेजारच्या घराबद्दल काय सांगितलंस?”

शेजारच्या घरात तिचे धाकटे दीर राहतात. वाडीच्या वाटणीत रस्त्याकडच्या पट्ट्यावरून बिनसलं आणि बोलणं थांबलं. ज्या जमिनीवर पूर्वी केळी लागत, तिचा भाव आता चौरस फुटावर ठरतो. भावाभावांत मने फाटायला आमच्याकडे आज सगळ्यात मोठं कारण तेच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीला हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं तेव्हा फादर दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन करत होते, आणि त्या आंदोलनातही ते पुढे होते. जमिनीचा प्रश्न हा श्रद्धेचाही प्रश्न आहे हे तेव्हापासून आम्हाला दिसत आलं आहे. बिल्डरविरुद्ध ते म्हणायला सोपं असतं. कुंपणापलीकडच्या सख्ख्या माणसाबाबत म्हणताना जीभ अडखळते.

“मिस्सात शांतीचं चिन्ह देताना तू उजवीकडे वळून हात जोडतेस,” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात चढेलपणा नव्हता. “ते डावीकडच्या बाकांवर बसतात. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असं येशूनेच सांगितलंय. हे वचन तूच आम्हाला शिकवलंस.”

बराच वेळ कुणी बोललं नाही.

“रोज जाते म्हणून ते मला बोचतं,” ती शेवटी म्हणाली. “घरी बसले असते तर कधीच विसरून गेले असते. पैशाचं भांडण माणूस विसरतो, त्याची सवय होते. मला सवय होऊ शकत नाही. रोज पहाटे त्या जागी येऊन अडकते. ख्रिस्तशरीर घ्यायला उठते तेव्हा पाय जड होतात. तुला वाटतं मिस्सात काही होत नाही. मला त्या एका ठिकाणी रोज होतं.”

“होतं, पण तू हलत नाहीस.”

“नाही हलत.” तिने सरळ मान्य केलं. “आणि तू? त्या पट्ट्यात अर्धं बावखल आहे. वसईभर उपसत फिरतोस, घरचं गाळाने भरलंय. दिरांना एकदा तरी विचारायला गेलास? का तिथे चिखलापेक्षा अवघड काही आहे?”

आता गप्प राहायची पाळी त्याची होती.

मला वाटतं, त्या संध्याकाळी श्रद्धा ताजी राहण्याचा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या ठिकाणी येऊन पोचला. तोवर दोघं आपल्याला जे जमतं त्याचाच आग्रह धरत होती. तिला पहाटे उठणं जमतं, त्याला फावडं मारणं जमतं. जे जमत नाही ते दोघांच्याही अंगणात, एकाच कुंपणापाशी होतं, आणि ते एकाला प्रार्थनेतून दिसलं होतं, दुसऱ्याला शुभवर्तमानातून. जमणाऱ्या गोष्टी करत राहिलो की श्रद्धा शिळी होते, मग ती जमणारी गोष्ट रोजची मिस्सा असो की समाजसेवा.

मग पिएर जोर्जो फ्रासाती यांचा विषय निघाला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी कार्लो अकुतिस यांच्याबरोबर त्यांना संत घोषित केलं. सह्याद्रीत भटकणाऱ्या माझ्या मुलाला ते आवडतात, कारण ते गिर्यारोहक होते. ते इटलीतल्या तुरीनचे. वडील ‘ला स्तांपा’ या वृत्तपत्राचे मालक आणि पुढे जर्मनीत राजदूत. मुलगा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीतर्फे गरिबांच्या खोल्यांमध्ये जाई, खिशातले पैसे देऊन टाकी. घरच्यांना याचा फारसा पत्ता नव्हता. १९२५ साली, २४ व्या वर्षी, पोलिओने ते गेले. मृत्यूच्या आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्यांनी चिठ्ठी लिहिली, ती एका गरीब माणसाच्या इंजेक्शनांविषयी होती. अंत्ययात्रेला शहरातले गरीब लोटले तेव्हा आपला मुलगा कोण होता हे आईवडिलांना कळलं.

“बघ,” मुलगा म्हणाला, “गरिबांच्या खोल्या.”

“आणि रोज ख्रिस्तशरीर,” बहीण म्हणाली. “रोज. ते वगळून त्यांचं चरित्र सांगता येत नाही.”

“ते गरिबांकडे गेले नसते तर रोजच्या ख्रिस्तशरीराचं चरित्र कुणी लिहिलंही नसतं.”

दोघंही बरोबर होती. मी मात्र त्या चिठ्ठीशी थांबलो होतो. मरणाच्या दारात असलेल्या तरुणाच्या मनात पहिल्यांदा कोणाचं नाव येतं, हे त्याने इतकी वर्षं काय ऐकलं, काय खाल्लं आणि कुणाच्या दारात उभा राहिला यावर ठरलेलं असतं.

“मी जाईन दिरांकडे,” बहीण म्हणाली. “पण एकटी नाही जाणार. तू बरोबर चल.”

“येतो. कधी?”

“शनिवारी. संध्याकाळच्या मिस्साच्या आधी.”

तिचा रोख त्याच्या लक्षात आला. “म्हणजे तिथून मग मिस्साला.”

“अर्पण ठेवून भावाकडे जा, हे तू सांगितलंस. त्याच वचनात पुढे परत येऊन अर्पण करायला सांगितलंय. अर्धंच वचन कसं पाळायचं?”

“बरं. येतो मिस्सालाही. पण त्यांनी दार उघडलं नाही तर?”

“तर पुढच्या शनिवारी पुन्हा.”

“आणि आत्या, सातबारा घेऊन निघू नकोस.”

“नाही घेणार.” ती जरा थांबली. “पण ते वाटणीचं काढतील. नक्की काढतील.”

“काढू देत. त्यांचं पूर्ण ऐकून घेऊ. तू मध्ये बोलू नकोस.”

“तूही नको बोलू,” ती म्हणाली. “बावखलाचं तर मुळीच काढू नकोस त्या दिवशी.”

“मग ते कधी काढायचं?”

“आधी चहा तर घेऊ दे त्यांच्याकडे.”